उजवीकडे बसणाऱ्या आत्याबाई

माझ्या सासूबाईंना गाडी चालवता येत नव्हती. पण त्या बसल्याशिवाय आमची गाडी कुठं जात नव्हती. हे ऐकून घरातली पोरं हसतात. हसू द्या. मी चौथी शिकलेली बाई, मला सजवून सांगता येत नाही. जसं होतं तसं सांगते.

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामाजी. आत्याबाईंचं नाव भागरता. ठेंगण्या, अंगानं रुंद, कपाळ मोठं. सकाळी दातांना तंबाखूचा गुडाखू घासत ओट्यावर बसायच्या, तेव्हा त्यांच्याशी कोणी बोललेलं त्यांना चालत नसे. नंतरही फार चालत नसे. दुसरी बाई जिथं दहा शब्द खर्च करील तिथं त्या एक करायच्या. मी नवीन असताना एकदा भाजीत मीठ जास्त झालं. मी भीतीनं अर्धी झाले. त्यांनी पहिला घास घेतला, पाण्याचा तांब्या सगळ्यांच्या मधोमध आणून ठेवला आणि जेवत राहिल्या. बस, एवढंच. त्यांनी मला कधी जवळ घेतलं नाही आणि कधी टाकूनही बोलल्या नाहीत. तूप वाढताना मात्र हात फार आखडता, माझ्या ताटात तर जास्तच. त्यांचं एक बोलणं घरात सगळ्यांना पाठ होतं : "दिसलं तं बोलावं. नाही दिसलं तं गप राहावं."

आमच्या बालाघाट जिल्ह्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्याच्या पुढच्या वर्षी गाडी आली. मामाजी हट्ट्याजवळच्या आमच्या गावचे पटेल, म्हणजे पाटील. धानाची शेती, आणि भरवेलीच्या खाणीच्या कॉलनीत आमचा तांदूळ जायचा. त्या खाणीवर एक अमेरिकन साहेब होता. त्यानं आपल्या देशाहून बोटीनं स्वतःची गाडी आणली होती. परत जाताना विकायला काढली तर कोणी घेईना, कारण तिचं चालवायचं चाक डावीकडे होतं. मामाजींनी ती पाहिली आणि त्यांचं जेवण कमी झालं. शेवटी आणलीच.

कच्च्या पेरूसारखा हिरवा रंग. नाकावर चकचकीत पट्ट्या. मागची गादी बाळंतिणीच्या खाटेएवढी. पुढंही तशीच सलग गादी, तिघं आरामात बसतील अशी. दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज यायचा. नाकावर इंग्रजीत नाव होतं, ते घरात कोणालाच वाचता येत नव्हतं. आम्ही तिला मोठी म्हणायचो. "मोठी काढा", "मोठी धुवा". बाहेरच्याला वाटायचं, घरात थोरली सून आहे.

आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी गाडीच्या दारापाशी चपला काढल्या आणि मग आत पाय ठेवला. बसायची जागा आहे, तिथं चपला घालून कसं जायचं? त्यांनी काढल्या म्हणून मी काढल्या, मग मामाजींनी बूट काढले, त्यांच्या धाकट्या भावानं, काकाजींनी काढले. दारं लागली, गाडी निघाली. बालाघाटला कापडाच्या दुकानासमोर उतरलो तेव्हा कळलं की सगळ्यांच्या चपला अंगणात ओळीनं राहिल्या आहेत. एवढ्या मोठ्या गाडीतून अख्खं घर अनवाणी उतरलेलं पाहून दुकानदार गादीवरून उठला आणि हळूच म्हणाला, "पटेल साहब, घर में कुछ हो गया क्या?"

मामाजी रागावले. आत्याबाई लुगड्याचा पोत बघत म्हणाल्या, "उद्यापासून टोपली ठेवू." तेव्हापासून मागच्या पेटीत एक टोपली असायची, चपलांची. पण चपला घालून गाडीत पाय ठेवायचा नाही हे गाडी होती तोवर कोणी मोडलं नाही. टोपलीत टाकायला विसरलं की अनवाणी हिंडायचं.

आता चाकाचं सांगते, कारण सगळं त्यातच आहे. आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या बाजूनं जायचं. चाकही डावीकडेच असलं की चालवणारा पार कडेला बसतो. पुढं बैलगाडी असली तर तिच्या पलीकडचं त्याला काही दिसत नाही. उजवीकडे बसलेल्या माणसाला दिसतं. म्हणून त्या गाडीला दोन माणसं लागायची, एक चालवायला आणि एक पाहायला. चालवणाऱ्यानं विचारायचं, "जाऊ का?" पाहणाऱ्यानं रस्ता मोकळा असला तर म्हणायचं, "हौ."

मामाजी साहेबाच्याच ड्रायव्हरकडून चालवायला शिकले. पाहायला त्यांनी आपल्या धाकट्या भावाला बसवलं. नामदेवकाका, माझे चुलत सासरे. देवमाणूस. त्यांनी जन्मात थोरल्या भावाला नाही म्हटलं नव्हतं. आणि तेच नडलं. पावसाळ्यात एकदा पुढं बैलगाडी होती. मामाजींनी विचारलं, "नामदेव, जाऊ का?" काकाजी म्हणाले, "हौ दादा." मामाजींनी गाडी बाहेर काढली तर समोर गोंदियाची बस, कर्णा वाजवत. मामाजींनी चाक फिरवलं आणि आम्ही सगळे रस्त्याच्या पलीकडच्या धानाच्या बांधीत, चिखलात. कोणाला लागलं नाही. मागची दारं उघडून मी आणि आत्याबाई गुडघाभर गाऱ्यात उतरलो.

मामाजी कपाळाला हात लावून म्हणाले, "नामदेव, बस दिसली नाही का तुले?"

"दिसली ना दादा."

"मंग हौ काहून म्हनलं?"

"तू विचारलं ना, जाऊ का म्हनून."

त्यानंतर माझ्या नवऱ्याला बसवून पाहिलं. त्यांची दुसरी तऱ्हा. बापासमोर त्यांचा आवाज फुटत नसे. ते हौ म्हणेपर्यंत रस्त्यावर दुसरंच काही आलेलं असे. एकदा दोन बैलांच्या मधून गाडी गेली. मधून म्हणजे, एक बैल या बाजूला आणि एक त्या. त्या दिवशी घरी परतायच्या वेळी बाजाराच्या तोंडाशी आत्याबाई मागच्या दारातून उतरल्या, फिरून पुढं गेल्या, उजवं दार उघडलं आणि आपल्या मुलाला म्हणाल्या, "मांगं बस."

मामाजी म्हणाले, "तू? लोक काय म्हनतीन?"

"लोकाईले बी रस्त्यावरूनच जाचं हाये," आत्याबाई म्हणाल्या आणि पदर डोक्यावर नीट घेऊन बसल्या.

तोवर त्या नवऱ्याच्या चार पावलं मागं चालणाऱ्या बाई होत्या. बाजारात, देवळात, लग्नात, कुठंही मागंच. गावात सगळ्या तशाच चालत, मीही. त्या दिवसापासून त्या पुढं बसल्या, आणि त्यांनी तोंड उघडल्याशिवाय मामाजींना साधी धानाची बैलगाडी ओलांडता येईना.

त्यांची रीत अशी. मामाजी विचारायचे, "जाऊ का वं?" रस्ता मोकळा नसला तर आत्याबाई बोलायच्याच नाहीत. नाही म्हणत नसत, थांबा म्हणत नसत. गप. मामाजींनी परत विचारलं तरी गप. आणि मोकळा झाला की एकदाच, "हौ." आवाज चढवत नसत. मग मामाजींनी क्षणभरही थांबायचं नाही. थांबले आणि संधी गेली तर त्या मान फिरवून खिडकीबाहेर बघायच्या. ते बघणं मामाजींना शिवीपेक्षा लागायचं.

रस्त्यावरच्या लोकांना हे काय माहीत? त्यांना उजवीकडे बसतो तो ड्रायव्हर एवढंच ठाऊक. त्यांना दिसायचं काय, तर डोंगराएवढी हिरवी गाडी धावत येते आहे आणि ड्रायव्हरच्या जागी डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी, हाताची घडी घालून. किंवा मांडीवर पुडी ठेवून फुटाणे खाते आहे. गाडीवान बैलांसकट शेतात उतरायचे. सायकलवाले सायकल टाकून पळायचे. बालाघाटच्या चौकात एका नव्या शिपायानं हात आडवा केला. खिडकीशी आला, आत डोकावला आणि म्हणाला, "माताजी, स्टेरिंग छोड़ के चना खा रही हो?"

आत्याबाईंनी मामाजींकडे बोट दाखवलं. "चाक त्याईच्याकडं हाये. माह्यं काम पाह्याचं हाये." आणि शिपायाला मूठभर फुटाणे दिले.

हट्ट्यापासून बालाघाटपर्यंत त्यांचं नाव पडलं, हौवाली बाई. मामाजींना ते आवडत नसे. गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचं, आणि नाव बायकोचं. म्हणून एकदा त्यांनी हट्टानं बायकोचं न ऐकता गाडी घातली. म्हणजे न ऐकता तरी कसं म्हणू, त्या बोलल्याच नव्हत्या. पुढं लाकडाचा ट्रक होता, पलीकडून दुसरा आला. आमची मोठी दोघांच्या मधून निघाली खरी, पण उजव्या दाराची बाहेरची मूठ तुटून उघड्या खिडकीतून आत्याबाईंच्या मांडीत पडली. त्या ओरडल्या नाहीत. घरी येईपर्यंत मूठ मांडीवर ठेवून बसल्या. घरी आल्यावर देवघरात गेल्या आणि देवाच्या शेजारच्या खुंटीला ती दोरीनं टांगली. मामाजी रोज सकाळी आंघोळ करून देवासमोर उभे राहत, तेव्हा ती डोळ्यांपुढं येई. मग एके दिवशी हात जोडलेले असतानाच ते म्हणाले, "तुह्या हौबिगर गाडी पुढं घालनार नाही. झालं?" आत्याबाई आतून म्हणाल्या, "देवाले सांगा." त्यांनी देवाला सांगितलं. मूठ तरी खुंटीवरून निघाली नाही.

आता कमलची गोष्ट. ती माझी नणंद, शेंडेफळ. बालाघाटच्या मुलींच्या शाळेत जायची, छोट्या रेल्वेनं रोज जाऊन येऊन. मॅट्रिकचं वर्ष होतं. आमच्या गावातली कोणतीच पोरगी तिथवर पोचली नव्हती. तेवढ्यात स्थळ आलं. गोंदियाकडचे राइस मिलवाले. मुलगा बिजवर, पण माणूस वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. मुलाचे काका आमच्या ओसरीवर चहा पिताना म्हणाले, "बहू पढ़ी हुई चलेगी, पढ़ने वाली नहीं." त्यांना माघात लग्न उरकायचं होतं. परीक्षा त्यानंतर होती. मामाजींना मिल दिसत होती. धानवाल्याला मिलवाला व्याही म्हणजे आणखी काय पाहिजे? त्यांनी हौ म्हटलं. त्यांना हौ म्हणायला कोणाला विचारावं लागत नव्हतं.

ठरलं असं की मार्गशीर्ष संपायच्या आत बालाघाटला मुलाच्या काकांच्या घरी जाऊन मामाजींनी मुलाला टिळा लावायचा. दुपारच्या आत मुहूर्त. तो मार्गशीर्षातला शेवटचा, त्यानंतर पौष लागत होता, मग महिनाभर काही करता येत नव्हतं. आणि माघात लग्न धरायचं तर टिळा आताच हवा.

आदल्या संध्याकाळी कमल चुलीपाशी आली. आत्याबाई भाकऱ्या थापत होत्या, मी कांदा चिरत होते. कमल म्हणाली, "आई, मले मॅट्रिक होऊ दे. मंग कोठीही टाक, मी बोलनार नाही."

आत्याबाईंनी भाकरी उलटली. ती फुगली, काढली, दुसरी टाकली. कमल वाट पाहून निघून गेली. मला तेव्हा आत्याबाईंचा राग आला. आपल्या पोटच्या पोरीला एक शब्द देता येत नाही, असली कसली आई, असं मी मनात म्हणाले. मनातच. तोंडानं बोलायची माझी पायरी नव्हती.

सकाळी निघालो. माझे मालक पहाटेच रेल्वेनं पुढं गेले होते, आम्ही येतो म्हणून कळवायला. गाडीत मामाजी आणि आत्याबाई पुढं. मागं मी आणि नामदेवकाका, मध्ये ताटं : नारळ, सुपारी, मुलाचं कापड, पेढे. मी उजव्या बाजूला, म्हणजे आत्याबाईंच्या बरोबर मागं.

मार्गशीर्ष म्हणजे धान निघायचे दिवस. रस्त्यावर पोत्यांनी लादलेल्या बैलगाड्यांची रांग, सगळ्या बालाघाटच्या मिलांकडे निघालेल्या. गावाबाहेर पडतो तोच पहिली गाडी आडवी आली.

"जाऊ का वं?"

आत्याबाई गप.

मामाजी मागं मागं चालले, बैलांच्या चालीनं. थोड्या वेळानं परत विचारलं, "जाऊ का?"

गप.

मला वाटलं, समोरून काही येत असेल. मी खिडकीतून डोकावून पाहिलं. रस्ता सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ होता, पार वडापर्यंत. एक कुत्रंही नव्हतं. मी काकाजींकडे पाहिलं. त्यांनीही मान लांब करून पाहिलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, मग आत्याबाईंच्या पाठीकडे पाहिलं आणि मिटलं. बांधीत गाडी गेल्यापासून काकाजींनी गाडीत बोलायचं सोडलं होतं. आणि मी सासऱ्यांशी कधीच बोलले नव्हते, आमच्यात सून सासऱ्यांशी बोलत नसे. म्हणजे पाहा, ज्याला बोलायचं त्याला दिसत नव्हतं आणि ज्यांना दिसत होतं त्यांना बोलायचं नव्हतं.

ऊन चढलं. आमची मोठी, जिच्या वाऱ्यानं कोंबड्या उडायच्या, ती बैलांच्या शेपट्या मोजत चालली होती. मागून सायकलवाले येऊन पुढं गेले. एका म्हाताऱ्यानं पायी चालत आम्हाला गाठलं, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "का पटेल, गाडी बिघडली का?"

मामाजींच्या मानेवरून घाम उतरत होता. "एवढी कायची गर्दी हाये वं समोर?"

आत्याबाई समोर बघत होत्या.

शेवटी त्यांनी गाडी थांबवली, उतरले, रस्त्याच्या मध्ये जाऊन स्वतः पाहिलं. रस्ता मोकळा. घाईनं परत आले, दार लावलं, गाडी सुरू केली, आणि नेमका तेव्हाच वळणावरून गोंदियाचा ट्रक आला, भर्रकन शेजारून गेला. हे मात्र कोणी ठरवलेलं नव्हतं. मामाजींनी गाडी पुन्हा बैलांच्या मागं घेतली. त्यानंतर त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा गेला. ते पुन्हा उतरले नाहीत. आणि हौ आल्याशिवाय घालणार नाही हे देवाला सांगितलेलं होतं.

आम्ही बैलांबरोबर बालाघाटात शिरलो.

मुलाच्या काकांच्या घरी पंगत उठून गेली होती. मुलगा आणि त्याचे वडील रेल्वे गाठायला स्टेशनावर निघून गेले होते. माझे मालक ओट्यावर मान खाली घालून बसले होते. काका दात कोरत बाहेर आले. म्हणाले, "पटेल, हमने समझा आपका इरादा बदल गया. मुहूर्त तो गया. अब पौष के बाद देखेंगे." पेढेसुद्धा घेतले नाहीत. पौषानंतर त्यांनी पाहिलंच नाही. पुढं त्या मुलाचं लग्न झालं, दुसरीकडे, जवळच्या गावात. बाई सुखी आहे म्हणतात.

आम्ही परत निघालो. गाडीत पेढ्यांचा वास सुटला होता. गावाच्या अलीकडे एक बैलगाडी लागली, पोती उतरवून रिकामी चाललेली. मामाजींनी सवयीनं विचारलं, "जाऊ का वं?"

"हौ," आत्याबाई लगेच म्हणाल्या.

मामाजींनी गाडी पुढं घातली नाही. कडेला घेतली, थांबवली. मी ताट घट्ट धरलं. काकाजींनी डोळे मिटले.

"सकाळी रस्ता मोकळा होता का?" मामाजींनी विचारलं.

"होता."

"सगळा वेळ?"

"लय वेळ."

"मंग बोलली काहून नाहीस?"

"पोट्टीची परीक्षा हाये," आत्याबाई म्हणाल्या. "मी ढोरावानी तुमच्या मांगं चालली जन्मभर. तिले थोडं पुढं जाऊ द्या."

मामाजी तोंडानं फार कडक माणूस. मला वाटलं, आता हिला इथंच उतरवतात. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग समोरच्या बैलगाडीकडे पाहिलं. हिला उतरवलं तर त्या बैलगाडीच्या मागं घरी जावं लागणार होतं. नामदेवच्या हौवर जायची तर हिंमत नव्हती. हे त्यांना कळलं, आम्हाला कळलं, आणि आत्याबाईंना तर आधीपासून कळलेलं होतं. मामाजींनी गाडी सुरू केली.

"आता जाऊ का?" त्यांनी विचारलं.

"हौ."

गाडी गेली. काकाजींनी डोळे उघडले आणि पहिल्यांदा पेढा खाल्ला.

घरी कमल दारातच उभी होती. आत्याबाई तिच्या अंगावरून आत जाताना म्हणाल्या, "पुस्तक काढ."

परीक्षा फाल्गुनात आली. पेपर सकाळी लवकर, आणि छोटी रेल्वे बालाघाटला पोचायची उशिरा. गाडीशिवाय मार्ग नव्हता. मामाजी आधी तिच्यासाठी पहाटे उठायला तयार नव्हते. आत्याबाईंनी आदल्या दिवशी गाडी स्वतः धुतली, आणि पहाटे अंगणात जाऊन पुढं उजवीकडे बसून राहिल्या. गाडीत बसलेली बायको किती वेळ बघणार? मामाजी आले.

मोहाची फुलं पडायचे दिवस. सगळीकडे तो गोड, उग्र वास. बाया टोपल्या घेऊन झाडांखाली वाकलेल्या. मी मागं होते, कमलबरोबर. ती पुटपुटत पुस्तक वाचत होती. पुढं बांबूच्या गाड्या लागल्या. मामाजी विचारणार, तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "हौ." न विचारता. पुढची गाडी, "हौ." त्या मान बाहेर काढून लांबचं बघत होत्या, पदर डोक्यावरून पडला होता आणि त्यांनी तो घेतला नाही. मी त्यांचे केस तेव्हा पहिल्यांदा उघडे पाहिले, पांढरे झाले होते. मग समोर गोंदियाची बस आली, म्हणजे आमच्याच दिशेनं चाललेली, पुढं. या बसनं आम्हाला एवढ्या वर्षांत किती वेळा मागं टाकलं होतं. आम्ही तिला कधी ओलांडलं नव्हतं. मामाजींनी आत्याबाईंकडे पाहिलं. विचारलं नाही, नुसतं पाहिलं.

"हौ," आत्याबाई म्हणाल्या. मग आणखी एकदा, जे त्या कधी करत नसत, "हौ."

मोठी अशी धावली की चपलांची टोपली मागं धाडधाड आपटली. बसच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. कोणी ओरडलं, "अरे देखो, हौवाली बाई!" मामाजी हसत होते. मी त्यांना हसताना फार थोड्या वेळा पाहिलं. शाळेचं फाटकही उघडलं नव्हतं तेव्हा आम्ही पोचलो. कमल अनवाणी उतरली आणि तशीच आत पळाली. घाईत टोपली कोणाला आठवते? पहिला पेपर तिनं अनवाणी दिला. पास झाली. पुढं मास्तरीण झाली, तिच्या हाताखालून गावातल्या किती पोरी शिकल्या. मामाजी मरेपर्यंत सांगत होते, "माह्या पोट्टीले मी शिकवलं." आत्याबाई ऐकायच्या आणि गप राहायच्या. आता त्यांचं गप राहणं म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं.

पुढं पेट्रोल महागलं, सुटे भाग मिळेनात. मोठी गोठ्याशेजारी उभी राहिली, तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. मामाजी गेले. मग एक दिवस नागपूरचा एक माणूस आला, वरातीसाठी जुन्या गाड्या नीट करून ठेवणारा. गाडी घेतली, अंगणातच मिस्त्री बसवून चालू केली. मिस्त्री बसनं परत गेला. तो माणूस एकटाच चाकावर बसला.

आत्याबाई ओट्यावरून उठल्या. तेव्हा त्यांना काठी लागत होती. गाडीपाशी जाऊन म्हणाल्या, "एकटा कसा नेशीन बाप्पा?"

तो म्हणाला, "नेतो ना आजी, हळूहळू."

त्यांनी अंगणात चपला काढल्या, काठी ठेवली आणि उजवीकडे बसल्या. त्यानं गाडी सुरू केली. गाडी गल्लीतून निघाली. मी चपला आणि काठी घेऊन मागं मागं गेले. पक्क्या सडकेच्या तोंडाशी बैलगाडी आडवी होती. मला लांबून ऐकू आलं नाही, पण मोठी थांबली, थांबली, आणि मग एकदम निघाली. बैलगाडीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, आत्याबाई उतरल्या, आणि गाडी वळण घेऊन दिसेनाशी झाली. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. अनवाणी, सडकेच्या अगदी मधोमध, त्या घराकडे यायला लागल्या.

त्यांच्या मागून बस आली. कर्णा वाजवला आणि त्यांना उजवीकडून वळसा घालायला बघू लागली. त्या मधोमध थांबल्या, बाजूला झाल्या नाहीत. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं, "ओ माई, हटो ना, मरना है क्या?" आत्याबाईंनी पाहिलंही नाही त्याच्याकडे. त्या आमच्या बाजूच्या वळणाकडे बघत होत्या, जिथलं झाडांमुळे त्याला काही दिसत नव्हतं. मी जिथं उभी होते तिथून मला दिसत होतं. वळणावरून धानानं लादलेला ट्रक निघाला, धूळ उडवत आला आणि बसच्या शेजारून गेला. ड्रायव्हरचं डोकं आत गेलं.

धूळ बसेपर्यंत आत्याबाई उभ्या राहिल्या. मग कडेला सरकल्या, रस्ता एकदा नीट पाहिला आणि हात वर केला.

"हौ."

बस गेली.